गोळी लागू पडेना

डेल्मार ऑक्सनरच्या हातून उभ्या आयुष्यात एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. कॉटर क्रीकच्या मुख्य रस्त्यावर त्याचं औषधाचं दुकान होतं. रक्तदाबाची गोळी, थायरॉईडची गोळी, म्हातारपणी झोप येत नाही म्हणून घ्यायची गोळी आणि ती घेतल्यावर सकाळी जाग येत नाही म्हणून घ्यायची गोळी, सगळ्या त्यानं दोनदा मोजून दिल्या. गावातली अर्धी माणसं आज हिंडतफिरत आहेत ती आपल्या मोजण्यामुळे, असं त्याचं मत होतं. ते तो बोलून दाखवत नसे, एवढाच त्याचा विनय.

म्हणून निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शरदात, एका रविवारी, गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर त्यानं आपल्या रायफलीतून पाच गोळ्या सोडल्या आणि दुर्बिणीतून पाहिलं तर भोकं पाच दिशांना, वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखी, तेव्हा तो अपमान त्याला झेपला नाही. रायफल चांगली होती. डोळे ठीक होते. राहता राहिली गोळी. आणि गोळीच्या बाबतीत डेल्मार ऑक्सनर कुणाचं ऐकून घेणार नव्हता.

"दुकानातली काडतुसं वापरतोस ना?" शेजारच्या बाकावरून बर्डेट नॅप ओरडला. बर्डेट त्याचा शेजारी. हयात रेल्वेच्या इंजिनात गेल्यामुळे तो 'मीठ दे' हेसुद्धा पलीकडच्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणे. "डॉक, ते म्हणजे तयार कपडे. तुझ्या रायफलीला अंगाबरोबर शिवलेला सूट पाहिजे. घरी भर. पितळी पुंगळी तीच, फक्त दारू किती, गोळी किती आत बसवायची, हे तिच्या मर्जीनं. मग बघ, पाचही गोळ्या एका भोकात."

"एका भोकात?"

"एका! बाकीच्या चार गेल्या कुठे म्हणून लोक गवतात शोधतील!"

ते एक भोक त्या दिवशी डेल्मारच्या डोक्याला पडलं.

आता खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात त्याची बायको लॉर्ना ओरेगनला गेली नसती, तर हे भोक आपोआप बुजलं असतं. डेल्मारच्या डोक्यात येणाऱ्या बहुतेक कल्पना लॉर्नाच्या एका "बरं, मग?"पुढे टिकत नसत. पण लॉर्नाची बहीण ट्वायला सफरचंदं काढताना शिडीवरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि लॉर्ना आपली छोटी निळी गाडी घेऊन बेकर सिटीला निघाली. जाताना तिनं फ्रीझरमध्ये त्याच्यासाठी जेवणाचे डबे रचले आणि दारात उभी राहून म्हणाली, "दोन आठवड्यांत येते."

"घाई करू नकोस. मी काय लहान आहे?" डेल्मार म्हणाला.

हे वाक्य त्याला पुढे फार महागात पडलं.

वायोमिंगमधला तो मुलूख असा, की तिथली माणसं 'मला तुझी आठवण येते' हे फक्त कुत्र्याबद्दल बोलतात, आणि तेही कुत्रा मेल्यावर. त्यामुळे रोज संध्याकाळी फोन व्हायचा तो असा:

"कसं चाललंय?"

"झकास. ट्वायलाचं कसं आहे?"

"बरं आहे. अजून मी लागतेच तिला."

"मग राहा की. इथे काही अडत नाही."

"हो ना? मग ठीक."

मग दोघंही हवामानावर येत. वारा तिकडे कसा आहे, इकडे कसा आहे, हे एकमेकांना सांगत. आणि ठेवत. फोन ठेवल्यावर डेल्मार घरभर दिवे लावत फिरायचा आणि मग वीज वाया जाते म्हणून पुन्हा ते मालवत फिरायचा. दोन आठवड्यांचे तीन झाले, चार झाले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याला 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असं सांगितलं, त्याला आपलं दुखणं काय आहे हेच कळेना. तेव्हा त्यानं काडतुसं भरायला घेतली.

बर्डेटनं आपलं जुनं दाबयंत्र आणून दिलं. लोखंडी, लांब दांड्याचं, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ लहानपणी आजारी पडून वाढ खुंटावी तसं. वापरलेली पुंगळी त्यात घालून दांडा दाबला की ती पुन्हा आकारात येते, मग बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मोजून दारू, वर गोळी. मात्र यंत्र कशावर तरी घट्ट बसवावं लागतं. गॅरेजमधलं टेबल लटपटत होतं. घरात न लटपटणारी वस्तू एकच होती, स्वयंपाकघरातलं ओकचं जाडजूड टेबल, लॉर्नाच्या आईचं. आधी डेल्मारनं शिकंजे लावून पाहिलं. यंत्र घसरलं. मग रबर घालून पाहिलं. तरी घसरलं. शेवटी तो हात धुऊन, चष्मा पुसून, सासूच्या तसबिरीकडे न बघता, ड्रिल घेऊन आला.

"चारच भोकं," तो स्वतःशी म्हणाला. "आणि वर टेबलक्लॉथ असतोच."

बर्डेट दारातून म्हणाला, "डॉक, भोकं कमी करायला निघालास आणि सुरुवातच चारांपासून?"

मग पुंगळ्या धुवायच्या होत्या. धुतल्यावर वाळवायच्या. बर्डेटनं सांगितलं उन्हात ठेव. पण कॉटर क्रीकला उन्हात काही ठेवलं तर वारा ते शेजारच्या जिल्ह्यात नेऊन ठेवतो. तेव्हा डेल्मारनं ओल्या पुंगळ्या लॉर्नाच्या फुलाफुलांच्या उशीच्या अभ्र्यात भरल्या, गाठ मारली आणि अभ्रा कपडे वाळवायच्या यंत्रात टाकला. गाठ पहिल्या मिनिटात सुटली. पितळेच्या पुंगळ्यांनी लोखंडी पिंपात जो ताशा धरला तो ऐकून समोरच्या आर्डिथबाई फॉस, वय ऐंशीच्या पुढे, अंगातल्या झग्यानिशी परसात धावल्या आणि गारा पडताहेत म्हणून आपल्या उरल्यासुरल्या टोमॅटोंवर ताडपत्री टाकू लागल्या. आभाळ निळंशार होतं. आर्डिथबाई वर बघत, ताडपत्री धरून, बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आवाज कुठून येतोय ते त्यांच्या ध्यानात आलं.

"डेल्मार, अरे तू आत काय करतोयस?"

"कपडे वाळवतोय, आर्डिथबाई."

"कुणाचे? चिलखत घालून लढणाऱ्यांचे?"

डेल्मार हसला. त्याला ठाऊक नव्हतं की आर्डिथबाई दर गुरुवारी लॉर्नाला फोन करतात.

पण खरी परीक्षा वजनाची. त्यानं नवा कोरा वजनकाटा आणला. दारूच्या एका दाण्यानं आकडा बदलेल इतका नाजूक. (दारू म्हणजे बंदुकीची. डेल्मार बिअरसुद्धा औषधाच्या मापानं घेणाऱ्यांतला.) हा काटा त्याच्या दुकानातल्या काट्याहूनही तिरसट निघाला. घर गरम करणाऱ्या जाळीतून हवा आली की आकडा हलला. डेल्मारनं हीटर बंद केला. बर्डेटनं दार उघडलं की आकडा हलला. डेल्मारनं दाराला आतून कडी घातली, तेव्हा बर्डेट खिडकीतून सल्ले देऊ लागला. मोबाईल शेजारी असला की आकडा भरकटतो असं कुणीसं सांगितलं, म्हणून मोबाईल टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. गोठवणाऱ्या स्वयंपाकघरात, ओव्हरकोट आणि कानटोपी घालून, डेल्मार चिमट्यानं दारूचा एकेक दाणा ताटलीत टाकत बसे. आकडा जुळत आला, की पुन्हा हलायचा. आता हवा नाही, दार नाही, बर्डेट नाही, मग हलवतं कोण?

बराच वेळ निरखल्यावर त्याला उलगडा झाला. तो स्वतःच. दर थोड्या वेळानं तो उसासा टाकत होता.

डेल्मारला मोठाच धक्का बसला. उसासे टाकणारी माणसं त्यानं दुकानात पाहिली होती. अशांना तो गॅसवरची गोळी सुचवत असे. आपण त्यांतले आहोत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं श्वास रोखून वजन करून पाहिलं. त्यात चक्कर आली. नाकातोंडाला रुमाल बांधला. तर रुमालातून लॉर्नाच्या साबणाचा वास आला, कारण रुमाल तिनं धुतलेल्यांतला शेवटचा होता, आणि जो उसासा आला त्यानं दारू ताटलीबाहेर उडाली.

तरी त्यानं काडतुसांचा पहिला जथा भरला आणि रेंजवर गेला. भोकं आता भांडलेल्या भावांसारखी नव्हती. चुलतभावांसारखी होती.

"नळी घाण झालीय," बर्डेटनं निदान केलं. "घास."

डेल्मारनं नळी घासघासून लख्ख केली. पुढच्या खेपेला भोकं आणखी पसरली.

"घासलीस? कुणी सांगितलं तुला घासायला?" रेंजचे चिटणीस वेंडेल प्रूइट म्हणाले. वेंडेल नाकात बोलत आणि नियम पाठ म्हणत. "नळीला थोडी काजळी लागते, ऑक्सनर. तव्यासारखं असतं ते. आणि तुमची गाडी पिवळ्या रेघेच्या पुढे उभी आहे. मागे घ्या."

तिसरा म्हणाला, गोळी थोडी बाहेर बसव. चौथा म्हणाला, आत. पाचवा म्हणाला, खांदा सैल सोड, आणि सहाव्यानं डेल्मारचा खांदा दाबून दाखवून सांगितलं की हा सैलच आहे, तोच तर घोटाळा आहे. सगळ्यांचं ऐकून डेल्मार इतका घट्टसैल झाला की चाप ओढताना त्यानं डोळे मिटले. वारा तर असा होता की बर्डेटची टोपी रेंजवरून सुटली ती नियम मोडून थेट निशाण्यापलीकडे गेली, आणि वेंडेलनी तिच्यासाठी गोळीबार थांबवण्याचा लाल झेंडा लावला.

एवढ्यात दारू संपली. डेल्मारनं घरच्या कॉम्प्युटरवरून मागवली. असली पार्सलं सही घेतल्याशिवाय देत नाहीत. गाडीवाला आला तेव्हा डेल्मार नेमका रेंजवर. गाडीवाला चिठ्ठी अडकवून गेला. पार्सल रॉक स्प्रिंग्जच्या गोदामात. डेल्मार ओळखपत्र घेऊन, अर्धा दिवस गाडी हाकून, गोदामाच्या खिडकीशी उभा राहिला. खिडकीतली मुलगी च्युइंगम चघळत होती. तिनं पार्सल पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, डेल्मारला पाहिलं.

"हे लॉर्ना ऑक्सनर यांच्या नावाचं आहे."

कॉम्प्युटरवर सगळी खरेदी लॉर्नाच नेहमी करत असे. नाव आपसूक तिचंच पडलं होतं.

"माझी बायको ती."

"असेल. सही त्यांचीच लागेल."

"पत्ता एकच आहे, आडनाव एकच आहे. मी औषधांच्या दुकानात जन्म काढलाय, मला नियम कळतात."

"मग तुम्हाला कळतच असेल," ती म्हणाली. आवाजात जराही खवचटपणा नव्हता, तेच जास्त लागलं. कारण याच डेल्मारनं नवऱ्याच्या गोळ्या न्यायला आलेल्या किती बायकांना, 'त्यांनाच पाठवा' म्हणून, बर्फातून परत धाडलं होतं! ते सगळे चेहरे खिडकीच्या काचेत एकदम गर्दी करून आले.

"त्यांना घेऊन या," मुलगी म्हणाली. "आहेत ना घरी?"

"नाहीत."

"मग कधी येणार आहेत?"

साधा प्रश्न. गोदामाची खिडकी, मागे रांग, रांगेत एक बाई टायर घेऊन उभी. डेल्मारनं तोंड उघडलं. जगातल्या सगळ्या औषधांची नावं येणाऱ्या त्या माणसाला याचं उत्तर येत नव्हतं.

"सर? कधी येणार आहेत?"

"माहीत नाही," डेल्मार म्हणाला, आणि दारू तिथेच ठेवून परत आला. वाटेत त्याला फार भूक लागली होती, पण कुठे थांबला नाही. एका माणसासाठी टेबल मागायचं त्याच्या जिवावर आलं.

त्या संध्याकाळी फोनवर तो म्हणाला, "लॉर्ना."

"काय?"

"काही नाही. वारा फार आहे."

"इकडेपण," लॉर्ना म्हणाली. मग जरा थांबून, "तू नीट जेवतोस ना? तिथे सगळं ठीक आहे ना, डेल?"

"झकास," डेल्मार म्हणाला. त्या वेळी तो कानटोपी घालून उभ्यानं दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातले थंडगार घेवडे खात होता. लॉर्नानं ठेवलेल्या डब्यांतला शेवटचा डबा मात्र त्यानं खाल्ला नव्हता. तो फ्रीझर उघडून अधूनमधून बघायचा, आणि पुन्हा बंद करायचा.

बर्डेटला दारूची अडचण कळली. तो आपल्या तळघरातून एक गंजका डबा घेऊन आला. "माझ्या मेहुण्याचा आहे. उत्तम दारू."

"कुठली?"

"काळी."

"बर्डेट, लेबल नसलेली बाटली मी आयुष्यात उघडली नाही."

"लेबल होतं रे. उंदरांनी खाल्लं."

"मग उंदरांना विचार," डेल्मार म्हणाला, आणि डबा दोन हातांनी, तान्हं मूल परत करावं तसा, परत केला. एव्हान्स्टनच्या दुकानात रांग लावून शेवटी त्याला दारू मिळाली, पण दुसऱ्या जातीची. म्हणजे सगळं मोजमाप पहिल्यापासून. आता काम स्वयंपाकघरात मावेना. भरलेल्या काडतुसांचे जथे, प्रत्येकात दारू किंचित वेगळी, खाली कागदाचे चिठोरे ठेवून, बैठकीच्या सोफ्यावर गेले, तिथून पियानोवर, आणि शेवटी झोपायच्या खोलीत, पलंगाच्या अर्ध्या भागावर. लॉर्नाच्या अर्ध्या भागावर. डेल्मार म्हणायचा, जागा नाही म्हणून. पण पाहुण्यांची खोली अख्खी रिकामी होती. पलंगाची ती बाजू सपाट दिसू नये एवढ्यासाठी एक शहाणासुरता माणूस रोज काडतुसांकडे पाठ करून झोपत होता.

हे सगळं आर्डिथबाईंना खिडकीतून दिसत होतं. त्यांची नजर त्या वयातही घारीची, आणि जे दिसायचं नाही ते त्या अंदाजानं भरून काढत.

मग एक सकाळ उजाडली. डेल्मार बाहेर आला आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कळेना काय. मग लक्षात आलं, वारा नव्हता. कॉटर क्रीकमध्ये वारा नसणं म्हणजे चर्चमध्ये पाद्री नसणं. झाडं अवघडून उभी होती. डेल्मार तसाच रायफल घेऊन रेंजवर पळाला. फोन टेबलावरच राहिला.

रेंजवर चिटपाखरू नव्हतं. वेंडेल नव्हते, बर्डेट नव्हता. सल्ला द्यायला जगात कुणी नव्हतं. डेल्मार बाकावर बसला. पहिली गोळी सोडली. दुसरी. तिसऱ्या गोळीनंतर त्याला वाटलं ती कागदालाच लागली नाही. चौथी. पाचवी. मग तो दुर्बिणीला डोळा न लावता, मुद्दाम सावकाश, चालत चालत निशाण्यापर्यंत गेला.

कागदावर एकच भोक होतं. थोडं फाटकं, नखाएवढं. बाजूचा सगळा कागद कोरा, स्वच्छ.

डेल्मार वळून म्हणाला, "पाहिलंस?"

मागे गवत होतं. पिवळं, न हलणारं, थेट डोंगरांपर्यंत. त्याचा आवाज जराही प्रतिध्वनी न करता त्यात विरून गेला. डेल्मार कागद हातात धरून उभा राहिला. एवढा आनंद त्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि तो ठेवायला जागा नव्हती. बर्डेटला दाखवावा तर बर्डेट आरडाओरड करील, गाव गोळा करील. पण त्याला गाव नको होतं. त्याला एकच माणूस हवं होतं, ज्याला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नाही, जे चष्मा कपाळावर चढवून कागद बघेल आणि म्हणेल, "बरं, मग?"

तो घरी गेला नाही. रायफल आणि कागद पिकअपमध्ये टाकला आणि गाडी सरळ पश्चिमेला काढली. आयडाहो आलं, बटाट्याची शेतं आली, संपता संपेनात. डेल्मार वाटेत भाषणाची तयारी करत होता. 'लॉर्ना, इकडून जात होतो' हे जमेना, कारण बेकर सिटीवरून कुणीही कुठेही जात नाही. 'लॉर्ना, पार्सलवर तुझी सही हवीय' हे त्याला बरं वाटलं. त्यात मान राहत होता.

दिवेलागणीला त्यानं ट्वायलाच्या दारावर टकटक केली. दार ट्वायलानं उघडलं. काठी नाही, कुबडी नाही, दोन्ही पायांवर, हातात भाजीची सुरी.

"डेल्मार?" ती म्हणाली. "अरे देवा. तू इथे काय करतोयस?"

"लॉर्ना कुठाय?"

ट्वायलानं सुरी खाली ठेवली. खुर्ची ओढली. आणि खुब्याचं ऑपरेशन झालेली ती बाई खुर्चीत बसून इतकी हसली की डेल्मारला आधी वाटलं रडतेय.

"ती तुझ्याकडे गेली! सकाळीच! त्या तुमच्या म्हाताऱ्या आर्डिथचा काल फोन आला होता. म्हणे, डेल्मार घरात बॉम्ब बनवतोय, कोट घालून रात्रंदिवस टेबलापाशी बसतो, तोंडाला दरोडेखोरासारखा रुमाल बांधतो आणि पलंगावर दारूगोळा घेऊन झोपतो."

"बॉम्ब नाही," डेल्मार दुखावून म्हणाला. त्यानं कोटातून कागद काढला. "हे."

ट्वायलानं कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "किती गोळ्या झाडल्या होत्यास?"

"पाच."

"आणि एकच लागली?" ट्वायला हळहळली. "जाऊ दे. मनाला लावून घेऊ नकोस. ये, जेवून घे."

जेवताना ती म्हणाली, "मला एक सांग. मी कधीच बरी झालेय. रोज तिच्या मागे लागत होते, बाई, जा आता घरी. तर म्हणायची, त्याला एकटं बरं वाटतंय, ट्वायला. एकदाही ये म्हणाला नाही. आता मी मध्येच जाऊन त्याच्या आनंदावर कशाला विरजण घालू? आणि फोन ठेवला की परसात जाऊन उभी राहायची. थंडीत. तिकडे तोंड करून."

"कुठे तोंड करून?"

"पूर्वेला, दुसरं कुठे?"

डेल्मारच्या हातातला काटा ताटात तसाच राहिला. 

मग ट्वायलाच्या फोनवरून त्यानं लॉर्नाला फोन लावला. तिनं पहिल्या घंटेला उचलला.

"ट्वायला, तो घरात नाहीये!" लॉर्नाचा आवाज उंच चढला होता. "मी त्याला फोन लावला तर फोन इथे टेबलावर वाजतोय! हीटर बंद, घर बर्फासारखं. पियानोवर काडतुसं आहेत. आईच्या टेबलाला—"

"लॉर्ना, मी आहे."



"कुठे आहेस तू?"

"ट्वायलाकडे."

"ट्वायलाकडे? तिथे काय करतोयस?"

पार्सलवरची सही त्याच्या ओठांवर आली होती. पण एवढ्या बटाट्यांच्या शेतांतून येऊन ती त्याला फारच किरकोळ वाटली. "तुला न्यायला आलो होतो," तो म्हणाला.

 तिच्या श्वासाचा आवाज आला. त्या घरात आत्ता वजनकाटा चालू असता तर आकडा खात्रीनं हलला असता.

"आपण वाटेत एकमेकांना ओलांडलं असेल," ती शेवटी म्हणाली.

"असेल."

"तुला मी दिसले नाही?"

"मी तुझ्याशी काय बोलायचं त्याचा विचार करत होतो."

"मीपण," लॉर्ना म्हणाली, आणि दोघंही हसली, अवघडून, नुकती ओळख झालेल्या माणसांसारखी.

"तू तिथेच थांब. मी सकाळी निघतो."

"इथे कुठे थांबू? पलंगावर बसायला जागा नाही. मीच येते."

"नको, पुन्हा चुकामूक होईल. वाटेत भेटू. पोकाटेलोला, हमरस्त्यालगतच्या पॅनकेकवाल्याकडे."

"ते काही अर्ध्यावर नाही. तुला जास्त पडेल."

"पडू दे," डेल्मार म्हणाला. त्याच्या मानानं हे फारच उघड बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी तो पोकाटेलोला वेळेच्या बराच आधी पोचला. वेट्रेसनं विचारलं, किती जण? डेल्मार म्हणाला, "दोन," आणि उगाचच पुन्हा म्हणाला, "दोघं आहोत आम्ही." खिडकीतून निळी गाडी वळताना दिसली तेव्हा तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. लॉर्ना आत आली. तिचे केस थोडे वाढले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कोटाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण सोडवून बरोबर लावलं आणि समोर बसली.

"वाळलास," ती म्हणाली.

"तू पण."

"ट्वायलाचा स्वयंपाक खाऊन पाहिलास ना?"

त्यानं कागद दाखवला. तिनं चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला. 'बरं, मग?' तिनं म्हटलं नाही. कागद नीट घडी करून तिनं आपल्या पर्समध्ये ठेवला आणि दोघांसाठी कॉफी मागवली.

सगळं छान झालं, आणि मग ती दोघं बाहेर आली तर समोर गाड्या दोन.

याचा विचार कुणीच केला नव्हता. इतक्या दिवसांनी भेटलेली नवराबायको, आणि आता घरापर्यंतचा सगळा रस्ता वेगवेगळ्या गाड्यांतून. डेल्मार पुढे निघाला, लॉर्ना मागे. डेल्मार आरशात बघत होता. निळी गाडी लहान दिसू लागली की तो वेग कमी करायचा. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवायचे. पहिल्या पेट्रोल पंपाशी तो टाकी भरलेली असताना थांबला. पुढच्या थांब्यावर टायरला लाथा मारून बघत उभा राहिला. त्याच्या पुढच्या ठिकाणी थांबायला काही कारणच सापडेना, तेव्हा तो नुसताच थांबला.

लॉर्ना गाडीतून उतरून त्याच्या खिडकीशी आली. "आता काय झालं?"

"काही नाही. मागे दिसली नाहीस मध्येच."

"डेल, मी मागेच आहे."

"ते खरं. पण आरशात फार लांब दिसतेस."

लॉर्नानं वाकून त्याच्या पलीकडच्या आरशाकडे बोट केलं. "तिथे काय लिहिलंय वाच. दिसतं त्यापेक्षा जवळ असतं म्हणून."

"वाचलंय. पटत नाही."

 वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते. "मग असं कर," ती म्हणाली, "मी पुढे होते. तू माझ्या मागे ये. समोर दिसत राहीन."

हे बरं होतं. आरशात मान वाकडी करायची नाही. निळी गाडी समोर, तिच्या मागच्या काचेतून लॉर्नाचं डोकं, एका बाजूला किंचित कललेलं. डेल्मारनं जन्मात पहिल्यांदा रस्त्याकडे लक्ष दिलं नाही. वळणं, पाट्या, मैलाचे दगड, सगळं तिच्यावर सोपवलं. थोड्या अंतरावर लाव्हा हॉट स्प्रिंग्जची पाटी आली. जमिनीतून गरम पाण्याचे झरे येतात तिथे, त्यांच्या वाफेशेजारी छोटी छोटी हॉटेलं आहेत, आणि तरुण जोडपी लग्न झाल्यावर जातात. घरचा रस्ता सरळ पुढे होता. निळ्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकू लागला.

डेल्मारला वाटलं ती चुकली. त्यानं भोंग्यावर हात नेला. समोरच्या गाडीत लॉर्नानं मान वळवली नाही. फक्त तो दिवा लुकलुकत राहिला, ठरवून केल्यासारखा.

डेल्मारनं भोंग्यावरचा हात काढून घेतला आणि आपला दिवा लावला.